झाडाला पाणी कधी घालायचं हे घड्याळाला विचारू नका

डोंबिवलीला होतो तोवर आमची गॅलरी म्हणजे जंगल होतं. रोज सकाळी चहा ठेवला की प्रत्येक कुंडीला एक मग पाणी, बास, एवढंच माझं बागकाम. मग पुण्याला आलो, त्याच कुंड्या टेम्पोत घालून आणल्या, मगसुद्धा तोच निळा प्लास्टिकचा, आणि पहिल्याच एप्रिलमध्ये पुदिना रोज दुपारी लोळायला लागला. मी घाबरून सगळ्यांनाच सकाळ-संध्याकाळ दोन दोन मग सुरू केले. पुदिना वाचला, पण कढीपत्ता, चार वर्षांचा, माझ्या खांद्याला लागणारा, पानं पिवळी करत करत गेला. नर्सरीवाल्या काकांकडे घेऊन गेले (मी अजून आशेवर होते), त्यांनी कुंडी आडवी करून झाड बाहेर ओढलं, मुळं नाकाशी नेली आणि मग मलाही वास घ्यायला लावला. गटाराचा वास. म्हणाले, "ताई, बुडवून मारलंत याला."

म्हणजे एकाच गॅलरीत एक झाड तहानेने लोळत होतं, दुसरं बुडत होतं, आणि मला दोन्ही सारखीच दिसत होती कारण दोघांनीही माना टाकलेल्या. तेव्हापासून मी हा विषय जरा मनावर घेतला, घरात बाटल्या, पिशव्या, तेल, व्हॅसलीन लावून सगळे उद्योग केले, ते इथे लिहितेय. पाणी कसं घालायचं हे शेवटी येईल, आधी पाणी झाडातून जातं कसं ते बघू, कारण ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुचतं.

ओढणारं कोण?

माझा इतकी वर्षं समज होता की मुळं पाणी शोषून वर ढकलतात, पंपासारखं. तसं थोडं होतं, पण मुख्य काम उलट्या टोकाला चालतं. पानांच्या खालच्या बाजूला बारीक बारीक छिद्रं असतात, शाळेत पर्णरंध्रं म्हणायचो ती, त्यातून आतलं पाणी वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे बाष्पोच्छ्वास. एक थेंब गेला की त्याच्या मागचा थेंब पुढे सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागी, असं करत करत पानाच्या शिरेतून, देठातून, खोडातून, थेट मुळापर्यंत पाण्याची एक न तुटलेली दोरी असते आणि ती वरून ओढली जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून ती दोरी तुटत नाही. ही कल्पना १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली या दोघांनी मांडली आणि आजही साधारण तीच मानली जाते.

आता गावाकडच्या कोणालाही विचारा, उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की काठावरची मोटर पाणी ओढेनाशी होते, मग ती खाली उतरवावी लागते. कारण अशी मोटर खरं तर पाणी ओढत नसते, ती पाइपातली हवा कमी करते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि तो दाब फार तर १० मीटरच्या आसपास ढकलू शकतो, प्रत्यक्षात सात-आठच. मग नारळाचं काय? २० मीटरवर शहाळी लागतात आणि त्यात पाणी भरलेलं. कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं रेडवूड तर ११५ मीटरच्या वर आहे. तिथे कुठली मोटर?

मोटर नाहीच. झाडाच्या जलवाहिन्या केसाइतक्या किंवा त्याहूनही बारीक असतात, त्यात हवा नसते, नुसतं पाणी, आणि ते खरोखर ताणलेलं असतं, रबर ताणल्यासारखं. मोठ्या झाडात भर दुपारी हा ताण १० ते २० वातावरणांइतका सहज जातो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). गाडीच्या टायरात आपण भरतो तो दाब साधारण २ वातावरणांचा, यावरून अंदाज घ्या. काही जण म्हणतात हे केशाकर्षणाने होतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, पण एवढ्या बारीक नळीतसुद्धा त्याने पाणी फार तर अर्धा-पाऊण मीटर चढेल, म्हणजे तुळशीला पुरेल, नारळाला नाही.

आणि गंमत म्हणजे या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. आतलं सगळं संपून फक्त भिंती उरलेल्या. जर्मनीत श्ट्रासबुर्गर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उंच झाड बुंध्याशी कापून विषारी द्रावणात उभं केलं, वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या तरी द्रावण वर चढतच राहिलं. आपले जगदीशचंद्र बोस मात्र वेगळं म्हणत होते, खोडातल्या जिवंत पेशी धडधडतात आणि त्या पाणी वर ढकलतात असं त्यांनी १९२३ मध्ये मांडलं. फार देखणी कल्पना, मला आवडते, पण ती टिकली नाही.

तर मुद्दा एवढाच की झाडाने किती पाणी घ्यायचं हे बरंचसं पानाबाहेरची हवा ठरवते. कोरडी हवा, ऊन, वारा असेल तर ओढ जास्त, दमट हवा असेल तर कमी. डोंबिवलीची हवा घामट, पुण्याची एप्रिलची हवा म्हणजे वाळवणाची. कुरडया तिथे दोन-तीन दिवस वाळायच्या, इथे संध्याकाळी कडकडीत. मला कुरडयांचं कळत होतं, पुदिन्याचं कळलं नाही!

मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं, झाडाच्या अंगी अगदी थोडं लागतं. मग झाड एवढं पाणी उधळतं कशाला? कारण त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा असतो, दार उघडलं की पाहुणा आत येतो आणि गारवा बाहेर जातो, एसीच्या खोलीसारखं. शिवाय पान थंड राहतं, माठ पाझरून गार होतो तसंच. पत्र्याच्या शेडखाली आणि लिंबाच्या झाडाखाली दुपारी बसून बघा, दोन्हीकडे सावलीच आहे पण फरक कळेल.

हे घरी बघायचं असेल तर

सगळ्यात सोपा तेरड्याचा प्रयोग, शाळेत केलेला असेलच. पावसाळ्यात तेरडा कुठेही मिळतो, गौरींच्या वेळी तर बाजारात जुड्या येतात. कोवळं, गुलाबीसर, अर्धपारदर्शक देठ असलेली फांदी घ्या, बादलीत पाण्याखाली धरून तिरकी कापा (पाण्याखालीच का ते सांगते), लगेच लाल शाईच्या किंवा खायच्या रंगाच्या पाण्यात उभी करा, रंग चांगला गडद हवा. एक ग्लास उन्हात किंवा फॅनखाली ठेवा, दुसरा बंद कपाटात. तासा-दोन तासांत पहिल्यात लाल रेषा देठातून वर सरकताना दिसतात, कपाटातला मागेच रेंगाळतो. ढगाळ दिवशी दोघेही आळशी. तेरडा नसेल तर पांढरी शेवंती किंवा निशिगंध, त्यात देठातलं दिसत नाही पण काही तासांनी पाकळ्यांच्या शिरा रंगतात. शेवंतीचा देठ ब्लेडने उभा मधोमध चिरून अर्धा लाल, अर्धा निळ्या पाण्यात ठेवला की फूल दोन रंगी होतं, पोरं वेडी होतात. यातून एक कळतं ते महत्त्वाचं, नळ्या वेगवेगळ्या असतात, हौदात पाणी मिसळतं तसं होत नाही. म्हणूनच कुंडीच्या एकाच बाजूला सतत पाणी ओतलं तर झाडाची एक बाजू सुकलेली दिसू शकते.

दुसरा, पिशवीचा. पारदर्शक प्लास्टिकची कोरडी पिशवी जास्वंदाच्या पानं असलेल्या फांदीवर घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा, तशीच एक पिशवी पानं काढलेल्या फांदीवर. सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दोन तास. पहिल्या पिशवीत आतून पाणी जमतं, दुसरी जवळजवळ कोरडी. दुपारपर्यंत विसरू नका, मी विसरले होते, पानं उकडून निघाली.

तिसरा माझा आवडता. एकसारख्या चार काचेच्या बाटल्या, सारखंच पाणी, प्रत्येकीत साधारण तेवढ्याच पानांची जास्वंदाची फांदी, आणि पाण्यावर गोडेतेलाचा थर म्हणजे पाणी बाटलीच्या तोंडातून उडायला नको. मार्करने पातळीची खूण करा. आता एका फांदीच्या पानांना काहीच नाही, दुसरीच्या पानांना फक्त वरून व्हॅसलीन, तिसरीला फक्त खालून, चौथीला दोन्हीकडून. दोन दिवसांनी पातळी बघा. वरून लावलेली जवळजवळ पहिलीसारखीच पाणी ओढते, खालून लावलेली एकदम ढेपाळते. छिद्रं खाली असतात याचा याहून चांगला पुरावा नको. (कमळाचं नेमकं उलट, पान पाण्यावर तरंगतं म्हणून छिद्रं वरच्या बाजूला.) व्यवहारात याचा अर्थ असा की पानं पुसायची तर खालूनही पुसा, आणि पानं चमकावी म्हणून खोबरेल तेल, दूध असलं काही चोळू नका, आपण त्याच्या नाकावर उशी ठेवतो.

आता पाण्याखाली कापायचं कारण. नळीतलं पाणी ताणलेलं असतं ना, मग देठ हवेत कापला की ती दोरी टचकन आत ओढली जाते आणि मागोमाग हवा शिरते. त्या नळीत बुडबुडा बसला की ती नळी बाद. फुलांचा गुच्छ आणला की आपण नुसता फुलदाणीत खोचतो आणि दुसऱ्या दिवशी गुलाबाने मान टाकली की फुलवाल्याला शिव्या. बादलीत देठ बुडवून, पाण्याखालीच दोन-तीन सेंटीमीटर तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, असं करून चौथा दिवस मिळतो का बघा.

ढकलणारी मुळं

वर म्हटलं की मुळंही थोडं ढकलतात, ते कधी दिसतं माहितीये? नवरात्रात. घटाभोवतीच्या मातीत धान्य रुजवतो, चार-पाच दिवसांनी पोपटी पाती वर येते आणि सकाळी बघावं तर प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक थेंब. आमची आजी म्हणायची देवीचं दव. पण दव देवघरात कसं पडेल? रात्री छिद्रं मिटलेली, वरून ओढ नाही, मातीत पाणी भरपूर, मुळं क्षार आत घेत राहतात आणि त्यांच्यामागे पाणी येतं, मग तो दाब पाण्याला टोकाच्या खास छिद्रांतून बाहेर काढतो. अळूच्या पानाच्या टोकाला पहाटे थेंब लटकतो तोही हाच. दव असेल तर सगळ्या पानावर पसरलेलं असतं, हा थेंब नेमका टोकाला किंवा कडेला. द्राक्षाची छाटणी केली की कापलेल्या काडीतून पाणी टपकतं, केळ कापली की बुंध्यावर पाणी साचतं, हे सगळं मुळांचं ढकलणं. पण उंच झाडाला भर दुपारी हे पुरत नाही.

नारळाची माडी किंवा नीरा मात्र यातली नाही हां. ती दुसऱ्या नळ्यांतून येते, रसवाहिन्यांतून, पानांत तयार झालेली साखर जिथून सगळीकडे पोचवली जाते तिथून, म्हणून गोड. मिरचीवरचा मावा (पानांवरची बारीक कीड) त्याच नळीत सोंड खुपसून बसतो आणि जास्तीचं गोड पाणी मागून सोडतो, म्हणून तिथे मुंग्या येतात.

मातीत काय चालतं

काकडीची कोशिंबीर करताना मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, बरोबर? म्हणून आई वाढताना घालते. आणि मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. दोन्ही एकच गोष्ट, परासरण, पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. मुळाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो म्हणून पाणी आत येतं. आता तुम्ही प्रेमाने कुंडीत मूठभर युरिया किंवा डीएपी टाकलं तर मातीतलं पाणीच दाट झालं, मुळाची काकडी झाली. माती ओली आणि झाड सुकलेलं, पानांच्या कडा करपलेल्या. बोअरच्या जड पाण्यानेही हळूहळू हेच होतं, मातीच्या कुंडीवर पांढरा थर चढतो तो क्षारांचा. यावर उपाय म्हणजे महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन भरपूर साधं पाणी सोडा, खालून चांगलं वाहून जाऊ दे, आणि खत नेहमी ओल्या मातीला, चिमूटभर. खाडीकाठच्या तिवराला हे सगळं जमतं, बरंचसं मीठ तो मुळाशीच अडवतो आणि आलेलं पानांतून बाहेर टाकतो, पानं चाटली तर खारट लागतात. आपला मोगरा तिवर नाही.

पाणी आत घेणारे मुळांचे केस टोकाजवळ असतात, अतिशय नाजूक आणि अल्पायुषी. पुढे आत एक मेणचट पट्टी असते, पेशींच्या फटीफटींतून लपून आलेलं पाणी तिथे अडतं आणि त्याला एका तरी जिवंत पेशीतून जावंच लागतं, सोसायटीच्या गेटवर रजिस्टरमध्ये सही केल्यासारखं. म्हणजे खोडातल्या नळ्या मेलेल्या चालतात पण मुळं जिवंत लागतात. आणि जिवंत म्हटलं की श्वास आला.

कढीपत्त्याचं मरण इथे आहे. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, ती सगळी जागा पाण्याने भरली की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, पाण्यातून तो हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू सरकतो. मुळं गुदमरली की पेशींच्या पडद्यातली पाण्याची दारं मिटतात, मग ती कुजतात. वरून हवा ओढतेच आहे, खालून पुरवठा बंद, पानं लोंबली. आणि आपण काय करतो, लोंबली म्हणून अजून एक मग. भाताचं चालतं कारण त्याच्या मुळापर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात, अळूलाही बऱ्यापैकी, कढीपत्ता, तुळस, शेवगा, मोगरा यांना नाही.

तर आता पाणी

बोट. दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही. दोन पेरं मातीत घालायचं, वरची माती कोरडी दिसणं याला काही अर्थ नाही. आत ओल लागली तर आज नाही. मोठ्या कुंडीत बोटाऐवजी लाकडी काडी खुपसून दहा मिनिटांनी काढा, माती चिकटून ओली आली तर थांबा. लहान कुंडी सरळ उचलून बघा, भरलेली आणि रिकामी कुंडी हाताला आठवडाभरात ओळखीची होते. इंग्लंडात स्टीफन हेल्सने सूर्यफुलाची कुंडी वरून झाकून, रोज तराजूत घालून, पानांतून किती पाणी जातं ते मोजलं आणि १७२७ मध्ये छापलं, आपण त्याचंच स्वस्त रूप करतोय. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर छोट्या कुंडीची माती प्लास्टिकने बांधून सकाळी आणि संध्याकाळी वजन करा, ऊन असलेल्या दिवशी आणि मळभ असलेल्या दिवशी, आकडा स्वतःच बघा. हा एक प्रयोग केला तरी "रोज एक मग" हे आयुष्यात परत म्हणणार नाही.

घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज कपभर शिंपडलं की वरचे दोन इंच ओले, मुळं तिथेच घोटाळतात आणि एका उन्हाच्या फटक्यात सुकतात. खालची बशी अर्ध्या तासाने रिकामी करा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळलं की कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी कडेने सरळ खाली निघून जातं, तुम्हाला वाटतं मिळालं, मधला गड्डा कोरडाच. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत, मग बाहेर काढून निथळू द्यायची.

पानं लोंबली की लगेच धावू नका, वेळ बघा. दुपारी दोनला लोंबलेलं झाड संध्याकाळी ताठ झालं तर त्याची तक्रार नाहीये, ओढ पुरवठ्यापेक्षा थोडा वेळ जास्त होती इतकंच, भोपळा आणि दुधीच्या वेलाची मोठी पानं तर हे रोज करतात. पण सकाळी सातलाही मान खाली असेल तर काहीतरी बिघडलंय, मग बोट घाला, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर अजिबात नाही, उलट कुंडी सावलीत न्या, भोकं बुजलीत का बघा, माती उकरा, फारच वास येत असेल तर झाड काढून कुजलेली काळी मुळं कापून कोरड्या, रेती घातलेल्या मातीत लावा. सावलीत का? ओढ कमी करायला. आजारी माणसाला जिने चढायला लावत नाही ना.

ओढ कमी करणं हे पाणी घालण्याइतकंच मोठं हत्यार आहे आणि आपण ते वापरतच नाही. एप्रिल-मे मध्ये कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा, एकीच्या वाफेने दुसरीची हवा दमट राहते. हिरवी नेट बांधा. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम झोत जिथे येते तिथे काहीही ठेवू नका, तिथे झाड म्हणजे इस्त्रीखालचा रुमाल. मातीवर वाळकी पानं, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट जे मिळेल त्याचा थर द्या. पानांवर स्प्रे मारणं मात्र मनाचं समाधान, पाच मिनिटांत वाळतं, धूळ जाते एवढा फायदा.

वेळ सकाळची, कारण छिद्रं उजेडाबरोबर उघडतात आणि दिवसभराची ओढ सुरू व्हायच्या आत टाकी भरलेली बरी. दुपारी पाणी घातलं तर थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात ही भीती बहुतेक झाडांच्या बाबतीत सोडून द्या, पण गच्चीवरच्या पाइपातलं पहिलं पाणी उकळतं असतं ते जपून, आधी हाताला लावून बघा.

आणि सगळ्यांना एक नियम नाही. कोरफड, निवडुंग, पानफुटी, स्नेक प्लांट ही मंडळी उलटी, दिवसा छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणजे पाणी फार कमी जातं. त्यांना पंधरा दिवस विसरलात तरी चालतं, हिवाळ्यात महिनाही. मी ज्या ज्या घरात मेलेली कोरफड बघितलीये तिथे ती पाण्यानेच मेली होती.

रोप बदलताना मुळांचे केस तुटतातच, कितीही हळू काढा. म्हणून संध्याकाळी लावा, तीन-चार दिवस सावलीत, आणि पानं जास्त असतील तर थोडी कमी करा, जीव तुटतो पण करा. जास्वंदाची फांदी लावताना तिला मुळंच नाहीत, मग दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा, उरलेली मोठी असतील तर अर्धी कापा, आणि वरून पिशवीचा तंबू, उन्हापासून लांब. आत हवा दमट, ओढ जवळजवळ शून्य, तोवर मुळं फुटायला सवड मिळते. कोथिंबिरीची जुडी मलूल झाली तर देठं कापून पेल्यात उभी करून तासभर सावलीत ठेवा, ताठ होते, तिच्यावर नुसतं पाणी शिंपडण्यापेक्षा हे बरं.

गावाला जाताना

आठ-दहा दिवस जायचं असेल तर वातीची युक्ती. इथे केशाकर्षण खरंच कामाला येतं. जाड सुती नाडी किंवा जुन्या सुती साडीची पिळलेली पट्टी, नायलॉन चालणार नाही. एक टोक मातीत चार बोटं खोल, मुळांजवळ, दुसरं टोक पाण्याच्या बादलीच्या तळाशी. बादली कुंडीच्या साधारण बरोबरीला किंवा जराशी वर, फार वर ठेवली तर पाणी वाहतच राहतं आणि फार खाली ठेवली तर चढत नाही. पट्टी आधी पूर्ण भिजवून पिळून घ्या, कोरडी वात सुरुवातच करत नाही. बादली झाका, डास होतात. जायच्या दोन-तीन दिवस आधी लावून बघा, कुठल्या कुंडीला एक वात पुरते, कुठलीला दोन लागतात ते तेव्हाच कळतं, माझ्या पुदिन्याला दोन लागतात. मोठ्या कुंडीत भाजलेलं पण रंग न दिलेलं मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाणी भरून झाकण ठेवायचं, माती कोरडी होईल तसं मडकं पाझरतं.

आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल तर त्यांना कोणत्या कुंडीला किती मग ते सांगत बसू नका, फक्त बोट घालून दाखवा. आणि तो निळा मग आत कपाटात ठेवून जा.